पॉवर्ड स्टेपलर वापरताना: बटण दाबण्याआधीची कामं

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत टिश्यू पिनांनी शिवून मधून कापणारा बॅटरीवरचा (पॉवर्ड) स्टेपलर आता नागपुरात कुणाला नवीन राहिलेला नाही. धंतोली-रामदासपेठेच्या गल्ल्यांतल्या मध्यम आकाराच्या ओटीतही (ऑपरेशन थिएटरमध्येही) तो ट्रॉलीवर दिसतो. बेरियाट्रिक (वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया), आतडं, फुप्फुस, प्लीहा, सगळीकडे त्याचा वापर होतो. तरी नवा रेसिडेंट किंवा नव्याने स्क्रब करणारी सिस्टर बहुतेक वेळा एवढंच शिकलेली असते की रीलोड (स्टेपलनी भरलेला बदलायचा भाग) कसा बसवायचा आणि बटण कुठे आहे. बटण हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. मोटर हाताचा जोर वाचवते. किती टिश्यू पकडायचा, कोणत्या उंचीची स्टेपल लागेल आणि क्लॅम्प करून किती थांबायचं, हे ती ठरवत नाही. म्हणून या लेखात बटणाच्या आधीच्या कामांना जास्त जागा दिली आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. प्रत्येक कंपनीचं हँडल वेगळं असतं, लॉक वेगळं, बॅटरी वेगळी. खाली लिहिलेला क्रम सगळ्यांना लागू पडतो, पण बारकाव्यांसाठी डब्यातलं माहितीपत्रक वाचाच. ते कचऱ्यात टाकण्यासाठी छापलेलं नसतं.

यंत्र आत काय करतं

स्टेपलरला दोन जबडे असतात. एकात रीलोड बसतो, दुसऱ्यावर खाचा असलेली पट्टी असते, तिला अँव्हिल म्हणतात. जबडा बंद झाला की टिश्यू दाबला जातो. फायर केल्यावर, म्हणजे बटण दाबल्यावर, टायटॅनियमच्या स्टेपल बाहेर येतात, अँव्हिलच्या खाचांवर आपटून इंग्रजी ‘बी’ अक्षरासारख्या वळतात आणि मागोमाग सुरी मधून कापत जाते. बहुतेक रीलोडमध्ये कापाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन ओळी राहतात. ‘बी’ आकारामुळे स्टेपलच्या पोटातून बारीक रक्तवाहिन्या वाहत्या राहतात आणि कडा जिवंत राहते. स्टेपल फार आवळली तर कडा मरते किंवा फाटते. सैल राहिली तर रक्त येतं, गळती होते. पुढचं सगळं या दोन टोकांच्या मध्ये राहण्यासाठी आहे.

ही कल्पना जुनी आहे. बुडापेस्टच्या हुमेर ह्युल्टल यांनी १९०८ मध्ये वापरलेलं स्टेपलर तीन किलोहून जड होतं. आजचं हातातलं हँडल त्यामानाने पिसासारखं, पण हाताने दाबायच्या स्टेपलरची एक अडचण अगदी अलीकडेपर्यंत टिकून होती. जाड जठरावर हँडल पिळताना मनगट हलतं. पोर्ट (यंत्र आत घालायची नळी) हा टेकू होतो आणि आतलं टोक कितीतरी जास्त डोलतं. फुप्फुसाच्या धमनीवर हे डोलणं परवडत नाही. मोटरमुळे टोक स्थिर राहतं, हा पॉवर्ड स्टेपलरचा खरा फायदा. दुसरा फायदा कमी बोलला जातो: साडेसहा नंबरचा ग्लोव्ह घालणाऱ्या सर्जनच्या हातात जुनी हँडलं नीट मावतच नव्हती. आपल्याकडे सर्जरी करणाऱ्या मुली वाढल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आदल्या दिवशीची यादी

साठ्यापासून सुरुवात करा. नागपूरचा मे महिना म्हणजे ४५ अंश. दवा बाजारातून निघालेला डबा डिलिव्हरीच्या पोराच्या दुचाकीच्या डिक्कीत दुपारभर फिरला, तर लिथियम बॅटरी आणि प्लास्टिक दोन्हींना ते मानवत नाही. साठवणुकीची तापमान-मर्यादा डब्यावर थर्मामीटरच्या चिन्हाशेजारी छापलेली असते. उन्हाळ्यात माल सकाळीच मागवा, आल्याबरोबर एसी असलेल्या स्टोअरमध्ये ठेवा. पावसाळ्यात उलट काळजी: पाउच दमट झालंय का, सील सुटलंय का, ते बोट फिरवून बघा. मुदत आणि लॉट नंबर बाहेरच्या डब्यावरचा आणि आतल्या पाउचवरचा जुळला पाहिजे. जुळत नसेल तर तो माल परत पाठवा, मग पुरवठादार कितीही जुना असो.

मग मोजणी. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीला (जठर उभं कापून अरुंद करण्याच्या शस्त्रक्रियेला) ६० मिमीचे साधारण पाच-सहा रीलोड लागतात, जठर मोठं असेल तर आणखी. लागतील त्यापेक्षा दोन जास्त ठेवा, तेही वेगवेगळ्या उंचीचे. १२ मिमीचा पोर्ट ठरलेल्या जागी येणार आहे ना, हे सर्जनला विचारून घ्या. काही जाड रीलोडला १५ मिमीचा लागतो आणि ते ऐन वेळी कळलं की सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. ओपन शस्त्रक्रियेचा ट्रे, व्हॅस्क्युलर क्लॅम्प आणि टाक्यांचं साहित्य खोलीतच हवं, वरच्या मजल्यावरच्या सीएसएसडीत (निर्जंतुकीकरण विभागात) नको.

खर्चाचं बोलणंही आदल्या दिवशीच. बिलात रीलोडचा आकडा हँडलपेक्षा मोठा होऊ शकतो, कारण ते एकामागून एक लागत जातात. नातेवाइकांना ‘मशीनचा खर्च’ असं मोघम सांगण्याऐवजी हँडल किती, एक रीलोड किती, अंदाजे किती लागतील, असं कागदावर लिहून द्या. रुग्ण महात्मा फुले जन आरोग्य योजनेतला असेल तर पॅकेजमध्ये काय बसतं ते आरोग्यमित्राकडून आधीच विचारून ठेवा. गडचिरोली किंवा बालाघाटहून आलेल्या माणसाला ऑपरेशन चालू असताना ‘अजून दोन लागतील’ म्हणून निरोप पाठवणं बरं नव्हे.

आणि मुळात स्टेपलर लागणार आहे का? साध्या अपेंडिक्सला पॉवर्ड स्टेपलर उघडणं मला पटत नाही. बुंधा चांगला असेल तर एंडोलूपने (तयार फास असलेल्या धाग्याने) किंवा गाठ मारून काम होतं, फार कमी पैशांत. बुंधाच सडलेला असेल आणि सीकमची (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची) कडा घ्यावी लागणार असेल, तर गोष्ट वेगळी.

रंगांवर विसंबू नका, उंची वाचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ओटीत आपण ‘निळा दे’, ‘हिरवा दे’ असंच बोलतो. पण रंग हे कंपनीचे असतात, सगळ्यांचे मिळून नसतात. एथिकॉनच्या एशेलॉन मालिकेत पांढऱ्या रीलोडची स्टेपल उघडी २.६ मिमी आणि बंद झाल्यावर १.० मिमी. निळ्याची ३.६ आणि १.५, सोनेरीची ३.८ आणि १.८, हिरव्याची ४.१ आणि २.०, काळ्याची ४.२ आणि २.३. मेडट्रॉनिकच्या ट्राय-स्टेपलमध्ये एकाच रीलोडच्या तीन ओळींच्या उंची वेगवेगळ्या, कापाजवळची सगळ्यात ठेंगणी: तपकिरी झाक असलेल्या रीलोडमध्ये २.०, २.५ आणि ३.०, जांभळ्यात ३.०, ३.५ आणि ४.०, काळ्यात ४.०, ४.५ आणि ५.०. काळा दोन्हीकडे आहे, पण तो एकच नाही. दोन कंपन्यांचा माल ठेवणाऱ्या रुग्णालयात भिंतीवर दोन वेगळे तक्ते लावा आणि मागताना कंपनी, रंग आणि लांबी तिन्ही बोला. सिस्टरने तेच परत म्हणायचं, मगच पाउच उघडायचं.

बंद उंची हा कामाचा आकडा, कारण टिश्यू तेवढ्या जागेत मावला पाहिजे. रक्तवाहिनीला पांढरा किंवा त्याच्या जोडीचा. लहान आतड्याला साधारण निळा. जठराला एकच रंग पुरत नाही: पायलोरसजवळचा (जठराच्या खालच्या तोंडाजवळचा) अँट्रम जाड आणि स्नायूदार असतो, वर फंडसकडे (जठराच्या वरच्या घुमटाकडे) भिंत पातळ होत जाते. म्हणून स्लीव्हची सुरुवात हिरव्या-काळ्याने आणि शेवट सोनेरी-निळ्याने, असा उतरता क्रम बरेच जण धरतात. आधी ऑपरेशन झालेलं जठर, रेडिएशन घेतलेलं आतडं किंवा क्षयाने घट्ट झालेलं फुप्फुस दिसलं की एक पायरी वर जा. आपल्याकडे क्षयाने खाल्लेले लोब कमी येत नाहीत आणि ती भिंत पुस्तकातल्या फुप्फुसासारखी वागत नाही.

सिकलसेलच्या मुलांची प्लीहा काढताना हायलमवर (रक्तवाहिन्या आत शिरतात त्या जागी) व्हॅस्क्युलर (रक्तवाहिनीचा) रीलोड वापरायचा असेल, तर आधी स्वादुपिंडाचं शेपूट मोकळं करून बाजूला घ्या. ते जबड्यात आलं की पुढचा आठवडा ड्रेनकडे बघण्यात जातो.

टेबलावर: बॅटरी आणि लोड

पॉवर्ड हँडल दोन प्रकारची. एकात एकदाच वापरायची बॅटरी असते, ती केसच्या वेळीच बसवतात, आदल्या रात्री नाही. दुसऱ्यात चार्ज होणारं हँडल असतं, ते निर्जंतुक कवचात बंद करून वापरतात. हे हँडल स्वतः निर्जंतुक नसतं. कवच स्क्रब सिस्टरने (निर्जंतुक हातांनी टेबलावर असलेल्या) धरायचं, हँडल सर्क्युलेटिंग सिस्टरने (टेबलाबाहेर असलेल्या) मार्गदर्शक पट्टीतून कवचाला हात न लावता आत सोडायचं आणि पट्टी काढल्यावर स्क्रबने कवच बंद करायचं. हा भाग दोघींनी रिकाम्या वेळी करून बघावा. चार्जिंगचा दिवा केसच्या आदल्या संध्याकाळी आणि सकाळी, दोन्ही वेळी तपासा.

वीज गेली तर स्टेपलर चालूच राहतो, पण कॅमेऱ्याचा टॉवर बंद पडला तर जबड्यात काय आहे ते दिसणार नाही. टॉवर यूपीएसवर असल्याची खात्री ओटी टेक्निशियनने करून घ्यावी.

बाहेरच जबडा एकदा उघड-मीट करा, टोक दोन्हीकडे वळवून बघा, दिवे बघा. रीलोड जबड्यात सरळ ढकलून ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. मगच वरची प्लास्टिकची पट्टी काढा. आधी काढली तर स्टेपल सांडतात, काढायची राहिली तर स्टेपल लागतच नाहीत आणि सर्जन रागावतात. पट्टी काढल्यावर रीलोडच्या पृष्ठभागावर नजर टाका, एखादी स्टेपल वर आलेली दिसली तर रीलोड बदला. पोर्टातून जाताना जबडा बंद आणि टोक सरळ हवं.

जबडा कुठे टेकवायचा

टिश्यू जबड्यावर खुणावलेल्या मर्यादेच्या आत, सपाट आणि घडी न पडता बसला पाहिजे. शेवटच्या टोकाला थोडी जागा रिकामी दिसली पाहिजे, म्हणजे पलीकडचं काही अडकलेलं नाही हे कळतं. ‘मागून दाखव’ हे वाक्य प्रत्येक फायरच्या आधी म्हणायचंच. कॅमेरा धरणाऱ्याने न सांगता मागची बाजू दाखवली तर उत्तम.

वाटेत क्लिप नको. आधी लावलेली धातूची क्लिप जबड्यात आली तर सुरी अडकते, ओळ अर्धवट राहते. जुनी स्टेपल ओळ ओलांडणं कधी टाळता येत नाही, पण एकाच जागी तीन ओळी एकमेकींना छेदू देऊ नका.

स्लीव्हमध्ये पहिला फायर पायलोरसपासून साधारण ४ ते ६ सेंमीवर सुरू करतात. मधल्या वळणावर, म्हणजे इन्सिसुरापाशी, बाउजीला (मापासाठी जठरात घातलेल्या जाड नळीला) चिकटून ओढाताण करू नका. तिथे अरुंद झालं की वरच्या भागात दाब वाढतो आणि गळतीला वाट मिळते. शेवटचा फायर अन्ननलिकेच्या जोडापासून थोडा, साधारण १ सेंमी, दूर ठेवा.

क्लॅम्प, थांबा आणि भूलतज्ज्ञांना विचारा

जबडा बंद केला की लगेच फायर करायचं नाही. टिश्यूत पाणी असतं. ओला टॉवेल मुठीत दाबला की पाणी निथळायला वेळ लागतो, तसंच इथे होतं. साधारण १५ सेकंद थांबा, जाड अँट्रमवर थोडं जास्त. या वेळात टिश्यू पातळ होतो, स्टेपल नीट वळतात आणि कडेवरून ओघळणारं रक्तही कमी होतं. सर्जनच्या मनातले १५ सेकंद प्रत्यक्षात पाच-सहाच असतात, म्हणून सर्क्युलेटिंग सिस्टरने घड्याळ बघून मोठ्याने मोजावं. सुरुवातीला सगळ्यांना हे अवघडल्यासारखं वाटतं, नंतर सवय होते. जबडा बंद होतच नसेल किंवा फार जोर लावावा लागत असेल, तर टिश्यू त्या रीलोडसाठी जाड आहे. उघडा, मोठ्या उंचीचा रीलोड घ्या.

याच वेळात भूलतज्ज्ञांशी बोलायचं. जठराच्या प्रत्येक फायरआधी उत्तर हवं: ‘मॅडम, आत काय काय आहे?’ राइल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी) बाहेर, तापमानाचा प्रोब बाहेर, बाउजी हवी तिथे आणि हलवून बघितलेली. स्टेपलर नळीलाही जठर समजून शिवून टाकतो. मग ती नळी ओढून निघत नाही आणि अख्खी ओळ उघडावी लागते. ‘सगळं काढलंय’ हे उत्तर मोठ्याने आलं पाहिजे. मान हलवलेली चालत नाही, कारण पडद्यापलीकडची मान सर्जनला दिसत नाही.

फुप्फुसात ब्रॉन्कस (श्वासनलिकेची फांदी) क्लॅम्प केला की फायरआधी राहणारा लोब फुगवून दाखवायला सांगा. तो फुगला तर बरोबर नळी पकडली आहे.

फायर

सेफ्टी सोडा, हँडल एका जागी धरा, मनगट टेकवा, बटण दाबा. ओढू नका, ढकलू नका, फिरवू नका. डोळा टोकावर आणि कान मोटरवर ठेवा. आवाज खोल गेला किंवा गती मंदावली, तर यंत्र सांगतंय की टिश्यू जाड आहे. बटण सोडा, काही सेकंद थांबा, पुन्हा दाबा. काही हँडल स्वतःच जोर मोजून वेग कमी करतात आणि पडद्यावर तसं दाखवतात. तो इशारा वाचायला स्क्रब सिस्टरला शिकवा, कारण सर्जनचं लक्ष मॉनिटरवर असतं.

सुरी शेवटपर्यंत जाऊन मागे आली, हे चिन्ह बघूनच जबडा उघडा. टिश्यू अलगद सुटू द्या, झटका देऊ नका. बाहेर काढताना टोक आधी सरळ करा. वळलेल्या टोकाने पोर्ट ओढला की पोर्टच बाहेर येतो.

दोन फायरच्या मध्ये सिस्टरने जबडा निर्जंतुक सलाइनच्या वाटीत हलवून धुवावा आणि गॉजने अँव्हिलच्या खाचा पुसाव्यात. मागच्या फायरची एखादी सुटी स्टेपल खाचेत राहिली तर पुढच्या ओळीत तिथे छिद्र पडतं. घाईच्या केसमध्ये सगळ्यात आधी हीच पायरी सुटते. वाटी टेबलावर सुरुवातीपासून भरलेलीच ठेवा. रिकामा रीलोड पुन्हा चालणार नाही यासाठी यंत्रात लॉक असतं, पण ‘लॉक आहेच’ म्हणून रिकामा रीलोड टेबलावर नव्याशेजारी ठेवू नका. तो वेगळ्या ट्रेमध्ये, मोजून.

यंत्र अडकलं तर

अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेकडे १ जानेवारी २०११ ते ३१ मार्च २०१८ या काळात शरीरात वापरायच्या स्टेपलर आणि स्टेपलबद्दल ४१,००० हून जास्त नोंदी आल्या: ३६६ मृत्यूंच्या, ९,००० हून जास्त गंभीर इजांच्या, ३२,००० हून जास्त बिघाडांच्या. त्यानंतर २०२१ मध्ये तिथे या स्टेपलरना वर्ग १ मधून अधिक कडक नियमांच्या वर्ग २ मध्ये टाकलं गेलं. या नोंदी सगळ्या प्रकारच्या स्टेपलरच्या आहेत. मोटर लावल्याने प्रश्न संपत नाहीत, एवढं लक्षात ठेवायला त्या पुरेशा आहेत.

सुरी मध्येच थांबली तर आधी बटण सोडा आणि जबडा बंदच ठेवा. आतड्यावर असाल तर सुरी मागे घ्यायचं बटण दाबा, मग उघडा, किती ओळ झाली ते बघा आणि त्या जागेच्या खालून, निरोगी भागातून, नवा रीलोड घ्या. बॅटरीच गेली असेल तर हँडलवर झाकणाखाली हाताने सुरी मागे घेण्याची सोय असते. ती वापरल्यावर बहुतेक हँडल पुढे चालत नाहीत, म्हणून दुसरं उघडण्याची तयारी आधी करा. ते झाकण कुठे आहे, हे केस सुरू होण्याआधी प्रत्येकाने बोट लावून दाखवावं.

मोठ्या रक्तवाहिनीवर अडकलं तर नियम बदलतो. जबडा उघडायचा नाही. तो बंद आहे तोवर रक्त थांबलेलं आहे. भूलतज्ज्ञांना सांगा, रक्त मागवा, वाहिनीवर वरच्या बाजूला ताबा मिळवा, गरज पडली तर छाती किंवा पोट उघडा, आणि मगच जबडा सोडा. म्हणूनच फुप्फुसाच्या धमनीवर स्टेपलर लावण्याआधी वरच्या बाजूला लूप (गरज पडली तर आवळता येईल असा फास) टाकून ठेवणं हा शहाणपणा.

ओळ तपासा

अख्खी ओळ पुढून आणि मागून बघा. स्टेपल नीट वळल्यात का, कडा काळवंडली का. रक्त ओघळत असेल तर गॉज दाबून एक-दोन मिनिटं थांबा, बहुतेक वेळा तेवढ्यात थांबतं. ठिपका चालूच राहिला तर क्लिप किंवा टाका घ्या. ओळीवर मोनोपोलर कॉटरी (विजेने जाळून रक्त थांबवणारं साधन) फिरवण्याचा मोह आवरा, धातूतून उष्णता पसरते आणि भाजलेली जागा चार दिवसांनी उघडते.

गळती तपासायला जठरात मेथिलिन ब्लू (निळा रंग) किंवा हवा, गुदाशयाच्या जोडात सलाइनखाली हवा भरून बुडबुडे बघणं, हे आपापल्या पद्धतीने करा. वर्तुळाकार स्टेपलरनंतर (तो दोन टोकं गोलाकार जोडतो) कापून निघालेल्या टिश्यूच्या दोन्ही रिंगा पूर्ण आल्यात का, ते ताटलीत पसरून बघायचं. अर्धवट रिंग म्हणजे जोडात खिंडार.

नंतरचं

रीलोडच्या पाउचवरची स्टिकर केस पेपरवर आणि ओटी रजिस्टरमध्ये लावा. फायरचा क्रम, रंग, लांबी, कुठे रक्त आलं, सगळं ऑपरेशन नोटमध्ये. ‘स्टेपलर वापरला’ एवढ्याने काही कळत नाही.

एकदा वापरायच्या वस्तूवर दोनच्या आकड्यावर काट मारलेलं चिन्ह असतं. असं हँडल धुऊन, गॅसमध्ये घालून पुढच्या रुग्णाला वापरण्याची पद्धत कुठे कुठे चालते, खर्चाचं कारण सांगून. आतली गिअरं आणि सुरीचा पट्टा धुता येत नाहीत आणि पुढच्या रुग्णाला ते हँडल किती वेळा वापरलंय हे कुणी सांगत नाही. त्यापेक्षा मुळात पुन्हा वापरण्यासाठी बनवलेलं, चार्ज होणारं हँडल घेणं सरळ.

कचरा वेगळा करताना बॅटरी आधी काढा. लिथियमचा पॅक पिवळ्या पिशवीतून भट्टीत गेला तर स्फोट होऊ शकतो. पॅक पुसून बॅटरी कचऱ्यात, धारदार भाग पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात.

राउंडला नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: ‘साहेब, पोटात पिना राह्यल्या तं काई होत नाई ना?’ सांगा की त्या टायटॅनियमच्या आहेत, कायम राहतात, काढायला यावं लागत नाही, आणि एमआरआय करताना तिथल्या डॉक्टरांना डिस्चार्ज कार्ड दाखवायचं. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडायला सांगा, तंबाखूने जखम भरत नाही. गळती कधी कधी घरी गेल्यावर, आठवड्याभराने कळते. नाडी सतत १२० च्या वर, ताप, धाप, डाव्या खांद्यात दुखणं, यापैकी काहीही झालं तर गावच्या डॉक्टरकडून ॲसिडिटीची गोळी घेत बसू नका, सरळ फोन करा आणि निघा. डिस्चार्ज कार्डवर हे मराठीत, ठळक अक्षरांत, ओटीच्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरसह लिहा.

यंत्र बिघडलं असेल तर ते फेकू नका. हँडल, रीलोड आणि पाउच एका पिशवीत बांधून, लॉट नंबर लिहून ठेवा. कंपनीच्या माणसाला ते लगेच घेऊन जायची घाई असते, त्याने लेखी पोच दिल्याशिवाय नेऊ देऊ नका. आणि २०१५ पासून चालू असलेल्या भारतीय मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाचा (वैद्यकीय उपकरणांच्या बिघाडांची नोंद ठेवणाऱ्या) फॉर्म भरा. फॉर्म फार लांब नाही, चहाच्या सुट्टीत भरून होतो.